ओढाताणीच्या दिवसांत घरात कशाला कात्री लावावी आणि कशाला अजिबात लावू नये?

रेवा
नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. घरात पाच माणसं: मी, नवरा, सासूबाई, मुलगा नववीत आणि मुलगी चौथीत. नवऱ्याच्या कंपनीत आधी पगारकपात झाली, आणि आता कंपनीला नवं काम मिळेपर्यंत निम्म्या पगारावर थांबायला सांगितलंय. माझी शाळेतली अर्धवेळ नोकरी आहे. घराचा हप्ता, मेंटेनन्स, फी आणि लाइटबिल गेलं की उरेल त्यात महिना काढायचा.

कात्री लागली ती आधी स्वयंपाकघराला. बाहेरचं खाणं बंद केलं, त्याचं काही वाटलं नाही. मग फळं थांबली, दूध निम्म्यावर आलं, भाजीच्या जागी बटाटा जास्त शिजायला लागला. परवा सासूबाईंचा औषधांचा डबा आवरताना बीपीच्या गोळ्यांची पट्टी निम्मी शिल्लक दिसली. एव्हाना ती संपायला हवी होती. विचारलं तर म्हणाल्या, "एक दिवसाआड घेते गं, तेवढीच पुरवठ्याला येते." मला पुढे बोलताच आलं नाही.

नवरा रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन बसतो. मुलं काहीच मागत नाहीत, ते जास्त खुपतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तब्येतीला धक्का न लावता खर्च कुठे कमी करता येतो? आणि मुलांना कितपत सांगायचं? ज्यांच्या घरी असे दिवस येऊन गेलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निंबोणी
रेवा, बाकीचं नंतर. आधी सासूबाईंची गोळी रोज सुरू कर. बीपीचं औषध आडदिवशी घेऊन चालत नाही. दाब वरखाली होत राहतो आणि बाहेरून काही कळत नाही. उद्या पक्षाघात झाला तर गोळ्यांतून वाचवलेले पैसे हॉस्पिटलच्या दारातच संपतील.

पट्टीवर ब्रँडच्या नावासोबत मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. ते कागदावर उतरवून घे आणि जनऔषधी केंद्रात दाखव. बीपी, शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांची नेहमीची औषधं तिथे ब्रँडच्या तुलनेत खूपच स्वस्त मिळतात. बदलण्याआधी डॉक्टरांना एकदा पट्टी दाखवायची, एवढंच. महापालिकेचा 'आपला दवाखाना' जवळ असेल तर तिथे तपासणी आणि औषधं मोफत आहेत. काही दवाखाने संध्याकाळीही उघडे असतात, त्यामुळे नोकरी सांभाळून जाता येतं.

पासहोल्डर
निंबोणींना अनुमोदन. माझ्या वडिलांची शुगरची औषधं आम्ही अशीच बदलली. घरी ग्लुकोमीटर होतं, बदलल्यावर काही आठवडे नीट लक्ष ठेवलं, शुगर होती तशीच राहिली. आईला पटवणं मात्र जड गेलं. स्वस्त म्हणजे कमी गुणाचं, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. शेवटी डॉक्टरांनीच समजावलं.

वर्सोव्याची
खाण्याचं मी सांगते. मासे खाता का तुम्ही? खात असाल तर ताज्या पापलेट-सुरमईचं नाव काही दिवस विसरा आणि सुक्याकडे वळा. जवळा, सुके बोंबील, सोडे. मूठभर जवळ्यात कांदा, वांगं किंवा बटाटा आणि दोन आमसुलं घातली की पाच माणसांचं कालवण होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा आमच्या आयांनी आम्हाला सुक्यावरच वाढवलंय, आणि कुणी अशक्त निघालं नाही.

जवळा आधी कोरडा भाजून घ्या, मग पाण्यात दोनदा धुवा. रेती तळाला बसते, तेव्हा हाताने वरचा वर उचलून घ्यायचा, पाणी ओतून काढायचं नाही.

मोगरा
पण सुक्या मासळीत मीठ किती असतं! सासूबाईंना बीपी आहे ना?

वर्सोव्याची
मोगराताई, सगळ्या सुक्याला मीठ लावत नाहीत. बोंबील बांबूच्या मांडवावर टांगून नुसत्या उन्हात वाळवतात. जवळाही तसाच जमिनीवर पसरून. मिठात मुरवतात तो खारा बांगडा, खारी सुरमई. ते आजींना देऊ नका. घेताना कोळणीला सरळ विचारायचं, ती खरं सांगते.

ताटवाटी
मी आहारतज्ज्ञ आहे, परळ भागात काम करते. पैशांची चणचण आली की ताटातून आधी डाळ, दूध, भाजी जाते आणि पोळी-भात वाढतो. पोट भरतं म्हणून लक्षात येत नाही. मग मुलं चिडचिडी होतात, बायकांचं हिमोग्लोबिन उतरतं.

मोठ्या माणसाला किलोमागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात २२ ते २४ ग्रॅम मिळतात, शेंगदाण्यात जवळपास २५, एका अंड्यात ६. डाळीत जे अमिनो आम्ल भरपूर असतं ते धान्यात कमी असतं, आणि धान्यातलं डाळीत कमी. म्हणून वरणभात, खिचडी, उसळ-पोळी ही जोडी महाग प्रोटीन पावडरीला हार जात नाही. फक्त वरण पातळ करत नेऊ नका. महिना संपत आला की घरोघरी हेच होतं: डाळ तीच, पाणी वाढलेलं.

फळं बंद केलीत म्हणता. सफरचंद, किवी खुशाल बंद करा. पेरू आणि केळं चालू ठेवा. पेरूत १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या आसपास सी जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. हंगामात आवळा घ्या. उसळीवर लिंबू पिळा, त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा नको, चहाने तेच लोह वाया जातं. तासाभराने प्या. याला एक पैसाही लागत नाही.

मुलांच्या दुधात घालायची पावडर घरात असेल तर डब्याच्या मागचा मजकूर वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. साखर कितवी आहे ते बघा. तेवढ्या पैशांत नाचणी घ्या. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं.

आणि मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं.

ओसरी
दूध मात्र कमी करायला नको होतं. वाढत्या मुलांना दूध हवंच.

ताटवाटी
ओसरी, दूध चांगलंच, पण दुधावाचून मूल वाढत नाही असं नाही. ज्या घरात अर्धा लिटरच परवडतं तिथे मोठ्यांचे चहा कमी करा आणि त्या दुधाचं दही लावा, मुलांना द्या. जोडीला नाचणी, तीळ, अंडं. दूध कमी झालं म्हणून आईने रात्री रडत बसू नये, एवढंच मला म्हणायचंय. अशा आया रोज बघते मी.

परळकर
माझं वय ६४. धागा वाचून राहवलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. आमचे वडील त्यातले एक, स्पिनिंग खात्यातले. मी तेव्हा कॉलेजात होतो. सुरुवातीला वाटलं महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि बऱ्याच जणांच्या नोकऱ्या परत आल्याच नाहीत.

आमच्या चाळीत ज्या घरांत बाईच्या हाताला काम होतं ती घरं टिकली. आईकडे आधीपासून गावाकडच्या तीन-चार खानावळ्यांचे डबे होते, ते तिने वाढवले. तेव्हा 'अन्नपूर्णा महिला मंडळ' होतं. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये खानावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली होती. सावकाराच्या पाशातून अनेक बाया त्यामुळे सुटल्या. आई त्यातली एक.

पण मला लिहायचंय ते वडिलांबद्दल. कधी कुणापुढे हात न पसरलेला माणूस. ते दिवसभर जिन्यात बसायचे. जेवायला बोलावलं तर "भूक नाही" म्हणायचे. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचे, आणि उरायचं नाही. आईने हे ओळखलं आणि एक नियम केला: ताटं एकदम वाढायची आणि पहिलं ताट त्यांचं. त्यांच्यासमोर ठेवून म्हणायची, "तुम्ही हात लावल्याशिवाय पोरं जेवणार नाहीत." आम्ही खरंच थांबायचो. पुढे तिने डब्यांची बाजारहाट त्यांच्यावर टाकली. हातात पिशवी आणि यादी आली, तेव्हा तो माणूस जिन्यातून उठला.

रेवाताई, तुमच्या यजमानांना घरातलं एखादं पक्कं काम द्या. मदत म्हणून नको, जबाबदारी म्हणून द्या. त्यांच्याशिवाय अडेल असं.

निंबोणी
परळकर काका, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. धन्यवाद.

माहीमची
मुलांना सांगण्याबद्दल माझं मत वेगळं पडेल. चौथीतल्या मुलीला अजिबात सांगू नका. मी तिच्याएवढी असताना आमच्या घरी असेच दिवस होते. आईबाबा हळू आवाजात पैशांचं बोलत, मी अंथरुणात जागी राहून ऐकायचे. मग मी दुसरी पोळी घेणं बंद केलं. पोट भरलं म्हणायचे. शाळेत सहलीची चिठ्ठी मिळाली तर घरी दाखवायचेच नाही. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. इतक्या लहान वयात हे ओझं नको.

पासहोल्डर
माहीमची, तुम्हाला तर कुणी सांगितलंच नव्हतं. न सांगण्याने झालं ना हे?

माहीमची
हो, ते खरं आहे. पण आकडे सांगितले असते तर मी एक पोळीसुद्धा सोडली असती. भीती वेगळी आणि माहिती वेगळी, मान्य. नऊ वर्षांच्या मुलीला ती वेगळी करता येत नाही.

गुलबक्षी
मी शाळेत समुपदेशक आहे. दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून सोडून देणार नाही, कारण मला यात ठाम मत आहे. मुलांना सांगायलाच हवं, पण वयाप्रमाणे सांगायचं वेगळं. चौथीतल्या मुलीला काय राहणार आहे ते सांगा: शाळा तीच, घर तेच, मैत्रिणी त्याच, रोज पोटभर जेवण. आणि काय थोडे दिवस नाही ते: हॉटेल नाही, नवा ड्रेस वाढदिवसाला, मधेच नाही. आणि हे स्पष्ट शब्दांत सांगा की यात तिची काही चूक नाही, आणि तिने कमी खाल्ल्याने काही वाचणार नाही. लहान मुलं स्वतःलाच दोषी धरतात.

नववीतल्या मुलाला वही दाखवा. घरात येतात किती, हप्ता किती, फी किती. त्याला विचारा, तू कुठे कमी करशील? आमच्या शाळेतल्या एका मुलाने ओटीटीची तीनपैकी दोन खाती आपणहून बंद करायला सांगितली, आणि त्याच्या आईचं म्हणणं की त्या दिवसापासून घरातली भांडणं कमी झाली.

हे सांगताना दोघंही पालक बसलेले हवेत आणि दोघांचं आधी ठरलेलं हवं. जेवताना नको. रविवारी सकाळी, मोबाइल बाजूला ठेवून.

ओसरी
सगळे एकत्र जेवा, एकत्र बसा, ऐकायला छान. आमच्याकडे हे शिफ्टने नोकरी करतात, मी अंबरनाथहून सीएसएमटी करते. घरी पोचते तेव्हा मुलगा झोपायला आलेला असतो. आठवड्याचे सहा दिवस एकत्र जेवण नाहीच.

गुलबक्षी
ओसरी, जेवणच हवं असं नाही. तुमच्याकडे सगळे जागे असतात अशी दहा मिनिटं कुठली?

ओसरी
पहाटेचा चहा. मी डबे भरत असते, हे रात्रपाळीहून आलेले असतात, मुलगा ओट्याशी उभा राहून दूध पितो. रात्री फोडणीच्या भाताला काय घातलं होतं इथपासून पेपर कसा गेला इथपर्यंत सगळं तिथेच बोलतो. हो, ती वेळ आहे आमची. लिहिताना लक्षात आलं.

सह्यकडा
भाजीबद्दल कुणी बोललं नाही अजून. दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप काढून टाका. ती महाग आहेतच, शिवाय कोथिंबीर मागवताना आपण डिलिव्हरीचे पैसे वाचवायला म्हणून चिप्स आणि आइस्क्रीम टाकतो. मी रविवारी पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून दादरला उतरतो, पश्चिमेला पुलाखालच्या घाऊक बाजारातून आठवड्याची भाजी आणतो. चार शेजाऱ्यांनी मिळून घेतली तर पाच-पाच किलोच्या भावाने मिळते.

पावसाळ्यात बोरिवली, वसई स्टेशनबाहेर आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं, कर्टोली घेऊन बसतात. टाकळा, कुर्डूसारख्या पालेभाज्या फार स्वस्त असतात. त्यांच्याकडे घासाघीस करू नका मात्र. त्यांचेही दिवस ओढाताणीचेच आहेत.

मोगरा
शेवळं नवख्यांनी जपून! काकडं (आंबट रानफळं) घातल्याशिवाय घसा खाजतो.

चुलवण
मुलुंडमध्ये आहात तर मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ जवळ आहे का बघा. १९७५ पासून हे काम चालू आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांचा गट करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, माल एकत्र येतो आणि गटातलेच लोक वाटप करतात. मधला दलाल नाही, आणि माल निवडक. आणखी एक फायदा मला जास्त वाटतो: यादी आधीच द्यावी लागते, त्यामुळे दुकानात गेल्यावर हात भलतीकडे जात नाही. आमची वाटपाची संध्याकाळ म्हणजे गप्पांचा अड्डा असतो. कुणाकडे कुणाची नोकरी गेली, कुणाला शिकवणी हवीय, सगळं तिथे कळतं. माझ्या वहिनीला काम तिथूनच मिळालं.

पासहोल्डर
एक कळकळीची विनंती. क्रेडिट कार्डावर किराणा चालवून नुसता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत असाल तर आजच थांबा. त्यावरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, वर्षाचं ४० च्या पुढे जातं. सोनं घरात असेल तर बँकेतून सोनेतारण घेऊन कार्ड फेडलेलं कितीतरी बरं. आणि मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपना हात लावू नका. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या सगळ्या नातेवाइकांना वसुलीचे फोन गेले. तो माणूस लोकलच्या दारात उभं राहायला घाबरायचा, स्वतःच्याच मनाची खात्री नव्हती म्हणून. आम्ही दोघं-तिघं त्याच्यासोबत रोज येत-जात होतो.

निंबोणी
पासहोल्डर, तुम्ही सोबत केलीत हे फार मोठं काम झालं.

रेवा, यजमानांची झोप हलक्यात घेऊ नकोस. १४४१६ हा 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. फोन लावायला तयार नसतील तर सुरुवात चालण्यापासून कर. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं पुरतं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. जिमला पैसे लागत नाहीत. तू सोबत जा. समोरासमोर बसून पुरुष बोलत नाहीत, शेजारी चालताना बोलतात, हा माझा अनुभव.

सातबंगला
आमच्याकडे बाबांनी नोकरी गेल्यावर वडापाव सोडला नाही, बाकी सगळं सोडलं. आई म्हणायची खाऊ दे, शनिवारचा एक वडापाव हा त्यांचा पगार आहे. प्रत्येकाची एक छोटी आवड राहू द्या. सगळंच काढून घेतलं तर माणूस कोमेजतो.

रेवा
सगळ्यांचे मनापासून आभार. मी रोज वाचत होते, लिहायला वेळ झाला.

गोळ्या रोज सुरू झाल्या. डॉक्टरांनी जनऔषधीची चिठ्ठी लिहून दिली, आणि सासूबाईंना त्यांच्याच भाषेत रागावलेही. मुलांशी गुलबक्षीताईंनी सांगितलं तसंच बोललो. मुलगा वही घेऊन बसला आणि म्हणाला, इंटरनेटचा प्लॅन खालचा घेऊ. मुलीने एकच विचारलं, "मग बाबा आता रोज घरी जेवायला असतील?" आम्ही हो म्हणालो तर तिला आनंदच झाला.

परळकर काका, बाजारहाट आता ह्यांच्याकडे आहे. पालक आणि पेरू दोन्ही निवडून आणतात, आणि भाव वहीत लिहितात. झोप अजून आलेली नाही, पण चालायला येतात.

एक अडलंय. आरोग्य विम्याचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. रक्कम मोठी आहे. हे म्हणतात एक वर्ष सोडू. काय करू?

पासहोल्डर
सोडू नका. खंड पडला की आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजारांचा दावा मिळत नाही) पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो, आणि सासूबाईंच्या वयात नवी पॉलिसी मिळणं अवघड. मुदत संपल्यावर वार्षिक हप्त्याला साधारण ३० दिवसांची सवलत असते, पण त्या दिवसांत आजारपण आलं तर दावा मिळेलच असं नाही, म्हणून वेळेत भरा. मासिक किंवा तिमाही हप्ता करून देतात का ते विचारा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, बिल तपासून घ्या.

आणि यजमानांचा कंपनीचा गट विमा असेल तर तो नोकरीसोबत संपतो. नोकरी सुटायच्या आधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतो का ते विचारून ठेवा.

चुलवण
रेवा, तुझ्या भागातल्या ग्राहक पंचायत संघाच्या ताईंचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. त्या नवीन कुटुंब घेतायत.

सातबंगला
कुळथाच्या पिठीचं प्रमाण कुणी सांगेल का? स्वस्त आणि पौष्टिक म्हणून आणलंय पीठ, गुठळ्या होतात.

वर्सोव्याची
तीन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या, गुठळ्या तिथेच मोडा. लसूण, हिरवी मिरचीची फोडणी, त्यात तीन वाट्या पाणी, उकळी आली की कालवलेलं पीठ धारेने सोडा आणि ढवळत राहा. आमसूल गॅस बंद करताना.